पडद्यावर माझं घोंगडं

कॉलेजातल्या गमतीजमतींचा तो सिनेमा सांगलीला लागला तेव्हा मी तो तीनदा पाहिला, आणि तिन्ही वेळा दात आवळून पाहिला. हा सिनेमा कष्टकरी समाजाची टिंगल करतो, असं मी पत्रकात लिहिलं होतं. ते खरंच होतं आणि त्यातला एक शब्दही मागे घ्यायचा माझा विचार नाही. पण पत्रक एका पानाचं होतं, त्यात एक गोष्ट मावली नाही. मी जळत होतो. चळवळीतल्या माणसाने हेवा करू नये असं आमच्या अभ्यासवर्गात सांगत. सांगणाऱ्यांचं सोपं होतं, त्यांचं काम कुणी पळवलं नव्हतं.

कॉलेजचा विनोदी सिनेमा म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. चाळिशीला टेकलेला नायक दुसऱ्या वर्षाला असतो. हातात एकच वही, तीही कधी न उघडलेली. नायिका बॅडमिंटन खेळते. एक जाडा विद्यार्थी असतो, तो सदानकदा खातो. एक मद्रासी प्राध्यापक असतो, तो नुसता बोलला तरी थिएटर हसतं. एक सावळी, चष्मेवाली मुलगी असते. तिच्यावर कुणी प्रेम करावं हाच विनोद. आणि खेड्यातून आलेलं एक येडं असतं. ते दोरीने बांधलेली ट्रंक घेऊन येतं आणि पंख्याकडे तोंड वासून बघतं. झालं सगळ्या देशाचं प्रतिनिधित्व.

आता आमचा वर्ग बघा. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात पहाटे डेअरीला दूध घालून आलेली पोरं पहिल्या तासाला डुलक्या घेत. मिरजेहून येणारी एक मुलगी फाटकात बुरखा काढायची, नीट घडी घालून पिशवीत ठेवायची आणि प्राध्यापकांच्या चुका तोंडावर काढायची. जतकडची दोघं आपसात कानडी बोलत आणि परीक्षेत आमच्या पुढे असत. समाजकल्याणच्या वसतिगृहातली पोरं होती, बागायतदारांची बुलेटवाली पोरं होती. आणि मी होतो, पूर्वेच्या कोरड्या भागातला, मेंढपाळाच्या घरातला, अख्ख्या वाडीवस्तीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला. यातलं कोण पडद्यावर होतं? त्या सिनेमात मात्र, पहिल्यांदाच, धनगराचं पोरगं होतं. आणि ते काम मला मिळालं नाही.

ते कुणाला मिळालं ते सांगतो. माझ्या खोलीतल्या जोडीदाराला.

तो इस्लामपूरकडचा. घरी ऊस, दारात ट्रॅक्टर, वडील फौजेत सुभेदार. अंगाने धिप्पाड, बोलायला गोड. हॉस्टेलवर मला सोडायला माझे वडील, आबा, आले, तेव्हा खोलीत आधीच येऊन बसलेला हा गडी खाटेवरून उडी मारून उठला.

"आवं मामा! तुमी हितं?"

आबांचं तोंड असं काही उजळलं की मी ट्रंक हातात धरून नुसता बघत राहिलो. "धाकलं मालक! आरं, किती उच झालासा!" आणि ते त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

प्रकार असा होता. आमच्याकडे पाऊस सरला की चारा सरतो. मग आबा मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे. बागायतदार आपल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात. रात्रभर मेंढरं बसली की रानाला लेंडीखत मिळतं, त्याबदल्यात धनगराला धान्य. आबांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, वर्षानुवर्षं या जोडीदाराच्याच रानात पडायचा. मला हे माहीत होतं, पण ऐकून. कारण त्या काळात मी साताऱ्याच्या बोर्डिंगात होतो. पाऊस संपला की आबा मेंढरांमागे जायचे, मी शाळेमागे. पावसाळ्यात ते वस्तीवर असायचे, तेव्हाही मी साताऱ्यातच. दिवाळीच्या सुट्टीत घरी जावं तर घराला कडी. बोर्डिंगात एक गुरुजी "हाय" म्हटलं की हातावर छडी देत आणि "आहे" म्हटलं की शाबासकी. मी हुशार होतो. लवकर शाबासकीला लागलो.

जोडीदाराचा कॉलेजच्या कँटीनमध्ये एक ठरलेला खेळ असे. टॉवेल डोक्याला गुंडाळायचा, खांद्यावर आडवी छत्री काठीसारखी टाकायची आणि धनगर करून दाखवायचा. पोरं टेबलं बडवत. "गड्या, तुझ्याच खोलीतला दिसतोय ह्यो," म्हणून माझ्याकडे बोट दाखवत. मीही समजायचो की तो माझीच नक्कल करतो. चिडून मी त्याला एकदा सुनावलं, "तुझ्या रानाला खत आम्ही द्यायचं आणि वर करमणूकही आम्हीच?"

तो म्हणाला, "आरं, तुझं कुटं करतुया मी? तुझ्यात करण्याजोगं हाय काय? तू तर रेडिओवानी बोलतुयास."

आणीबाणी उठून थोडेच दिवस झाले होते. पत्रकं पुन्हा उघड निघू लागली होती. आमच्या संघटनेचं सायक्लोस्टाइल यंत्र एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत होतं. स्टेन्सिल मी कापायचो आणि हँडल पलूसकडचा माझा एक मित्र फिरवायचा. तो समाजकल्याणच्या वसतिगृहात राहायचा आणि त्याचं तोंड माझ्याहून तिखट होतं. त्यानेच बातमी आणली की मुंबईची एक सिनेमा कंपनी साताऱ्याला येते आहे, तिथल्या दगडी इमारतीच्या कॉलेजात सुट्टीत शूटिंग आहे, आणि धनगराच्या पोराच्या कामाला इकडचाच कुणीतरी मुलगा हवा आहे.

मी त्या दिवसापासून झोपेतही कॅमेऱ्यासमोर होतो. खरं सांगतो, क्रांतीसाठीही मी इतका उतावीळ कधी नव्हतो. आपल्याला कुणी दाखवत नाही, हे मी इतकी वर्षं लिहीत होतो. आता मी स्वतःच दिसणार होतो. आबांना कुठल्या तरी टॉकीजमध्ये बसवायचं, पडद्यावर मी यायचं, आणि शेजारच्या माणसाला त्यांनी सांगायचं, "माझं पोरगं." मला एवढंच पाहिजे होतं. बाकी प्रतिनिधित्व वगैरे त्यानंतर.

एसटीने साताऱ्याला गेलो तर जोडीदार त्याच गाडीत. "मी बी बगतो गड्या, मजा म्हणून," म्हणाला. माझ्यासाठी जागा त्यानेच धरून ठेवली होती.

निवड कॉलेजच्या मैदानात, झाडाखाली चालली होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शहरातली माणसं पारखायला बसली आहेत, त्यांच्यासमोर गबाळं जाऊन चालणार नाही, असा माझा हिशेब. दिग्दर्शकाचा सहायक पुण्याचा होता. तो म्हणाला, "दोन वाक्यं बोल बरं."

मी बोललो. स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटं, बोर्डिंगात वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलं होतं तसं.

"छान. आता गावाकडचं बोल."

"कुठल्या गावाकडचं?" मी विचारलं. "जतला वेगळं बोलतात, कराडला वेगळं."

तो शेजारच्याकडे बघून हसला. "अरे, तू तर वकील दिसतोस. धनगर नाही वाटत."

"मी धनगरच आहे."

"असशील रे. वाटत नाहीस."

मग मी गावाकडचं बोलायला गेलो. तोंड उघडलं आणि "हाय" म्हणताना माझा हात आपोआप मागे गेला, तळहात झाकायला. आवाज निघाला तो नाटकातल्या गड्याचा. मलाच ऐकवेना.

माझ्यानंतर जोडीदार गेला. त्याने माझ्या पिशवीवर घडी करून ठेवलेलं घोंगडं मागून घेतलं, मी कॉलेजला जाताना आबांनी आमच्या मेंढरांच्या लोकरीचं विणून आणलेलं, काळं, कडेला पांढरा पट्टा असलेलं. ते त्याने खांद्यावर टाकलं, झाडाखाली उकिडवा बसला आणि नुसता म्हणाला, "व्हय सायेब, बोला की." एवढ्यावर सगळी माणसं हसायला लागली. सहायक टाळी देऊन म्हणाला, "हा बघ खरा धनगर!"

खरा. हा शब्द मी अजून चावतो आहे.

शूटिंगच्या वेळी मला मागच्या बाकावर गर्दीत बसवलं. जोडीदार घोंगडं परत द्यायला आला आणि म्हणाला, "तुझंच ऱ्हाऊ दे गड्या माझ्या अंगावर. त्यांच्याकडचं नवंकोरं हाय, वास बी येत न्हाई त्याला." म्हणजे द्यायला आला आणि ठेवून घेतलं. कारण मी काय बोलणार होतो? नको म्हटलं असतं तर सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा कसा जळतोय. आणि खरंच जळत होतो.

पुढच्या वर्षी सिनेमा सांगलीला लागला. पहिल्याच दिवशी मी आणि पलूसचा मित्र जाऊन बसलो. मी एकदा दिसलो, नायिकेच्या कोपराच्या मागे, अर्धा कान. माझं घोंगडं मात्र सिनेमाभर होतं. पंख्याकडे बघताना होतं, मेंढरं वर्गात शिरतात तेव्हा होतं, प्राचार्य घसरून पडतात तेव्हा त्यांच्याखाली होतं.

मध्यंतरानंतर एक प्रसंग येतो. धनगराचं पोरगं मैदानातल्या बाकावर एकटं बसलेलं असतं. नायिका काहीतरी विचारायला येते. ते पोरगं बोलायच्या आधी शेजारची जागा तळव्याने पुसतं. हळू, दोनदा, खडे बाजूला सारल्यासारखं. मग तिच्याकडे बघून मान हलवतं आणि तेव्हा कुठे बोलतं. लोक शिट्ट्या मारत हसले. बाक सिमेंटचा, स्वच्छ, आणि हा येडा पुसतोय!

मी हसलो नाही. ते आबा होते.

आबा असंच करतात. रानात बसले असताना कुणीही आलं तर आधी शेजारची भुई तळव्याने साफ करतात, खडा, काटा, लेंडी बाजूला काढतात, आणि माणूस बसल्याशिवाय बोलत नाहीत. आमच्याकडे पाहुण्याला टाकायला सतरंजी नसते, हात असतो. मी ते मोजक्या वेळा पाहिलं होतं. आणि या गड्याला ते पाठ होतं. कसं पाठ होतं? त्याच्यासाठी भुई पुसली गेली होती म्हणून. मी साताऱ्यात "आहे, आहे" घोकत होतो त्या सगळ्या थंडीत तो आपल्या रानात माझ्या बापाशेजारी बसला होता. भाकरी खाल्ली होती. गोष्टी ऐकल्या होत्या. त्याचा बाप सीमेवर होता, पोरगं एकटं पडायचं, हे मला कळतं. पण माझाही बाप माझ्याजवळ नव्हता. फरक एवढाच, की माझा बाप त्याच्याजवळ होता.

त्याच्याकडे ऊस होता, बुलेट येणार होती, हे सगळं मी पत्रकात बसवू शकत होतो. यासाठी माझ्याकडे शब्द नव्हता.

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "उद्याच पत्रक काढू. आपल्या माणसांना असं दाखवतात म्हणजे काय!"

मित्र विडी पेटवत म्हणाला, "आपल्या म्हंजी कुणाच्या? तुमचं निदान चुकीचं तरी दावलं. आमचं दावावं असं कुणाच्या मनात बी आलं न्हाई. सिनेमातल्या आख्ख्या कॉलेजात आमच्यातला एक पोरगा न्हाई. हसायला बी न्हाई."

"मग तेही लिहू."

"लिव्ह. पण खाली न्हाई, वर लिव्ह." मग म्हणाला, "मला तर तुजाच हेवा वाटला गड्या. तुला चिडायला काय तरी मिळालं."

आख्ख्या कॉलेजात आमच्यातला एक पोरगा न्हाई, हे त्याचं वाक्य मी पत्रकात पहिलं टाकलं. मग लिहिलं: धनगराच्या पोराचं काम धनगराच्या पोराला द्या. मद्रासी माणूस विनोद नाही. काळी मुलगी विनोद नाही. खेड्यातला विद्यार्थी हसण्याची वस्तू नाही. आमच्याकडे बघायचं असेल तर आम्हाला विचारून बघा. तोवर या सिनेमावर बहिष्कार. हे पत्रक चांगलं होतं. रविवारी तीनच्या खेळाला आम्ही दोघं टॉकीजच्या दारात उभे राहून ते वाटत होतो. लोक घेत, घडी करून शेंगदाण्याला वापरत.

तेवढ्यात टांग्यातून जोडीदार उतरला. मागून, काठी सांभाळत, नवा पटका बांधून, आबा.

"आबा? तुम्ही इथे कसे?"

"धाकल्या मालकानं आनलं. मेंढरं त्येंच्याच रानात हायती की. म्हनलं, मामा चला, सिनेमा दावतो. म्हनलं चल बाबा." मग माझ्याकडे निरखून बघत, "तू बी काम करतुयास व्हय हितं? काय वाटतुयास?"

मी हातातलं पत्रक त्यांच्या पुढे केलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, उलटंसुलटं बघितलं आणि पटक्यात खोचलं. "मागनं वाचून दाव," म्हणाले, आणि जोडीदाराचा हात धरून आत गेले.

आबांना हा सिनेमा दाखवायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. त्याला सुचलं.

बहिष्काराची हाक मीच दिली होती, त्यामुळे आत जाता येईना. मी पत्र्याच्या भिंतीला कान लावून उभा राहिलो. पत्रकाआधीच तीनदा पाहिल्यामुळे सिनेमा पाठ होता. हा पंखा. ही मेंढरं. हे प्राचार्य पडले. मोठ्ठा हशा उठला आणि त्यात मी एक हसणं शोधत होतो. मग बाकाचा प्रसंग आला, शिट्ट्या आल्या. मला वाटलं आता तरी आबा उठून बाहेर येतील. अपमान झालेला माणूस जसा येतो तसे. मी त्यांना काय म्हणायचं तेही ठरवून ठेवलं.

खेळ सुटला. आबा डोळे पुसत आले. हसून पाणी आलं होतं.

"लय भारी! पोरांनू, लय हासलो!"

"आबा, ते तुम्हाला हसत होते."

"मला? मला का हासतील? मी काय त्यात हुतो?"

जोडीदार जरा ओशाळून म्हणाला, "मामा, तुमीच की त्ये. मी तुमचंच केलं सगळं."

"माजं?" आबा थांबले. "न्हाई न्हाई. त्ये आमच्या थोरल्या भावाचं. हुबेहूब थोरला. त्येची खोडच ती, कुनी आलं की भुई पुसत बसायचा. मी लय चिडवायचो त्येला. मी कवा असं करतुया?"

पलूसचा मित्र फिस्सकन हसला.

"तुम्ही रोज करता, आबा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "आणि ते करून दाखवायचा हक्क माझा होता. मी तुमचा मुलगा आहे. लोकांना हसू येतं कारण त्यांना माहीत नाही तुम्ही ते का करता. मी केलं असतं तर—"

"केलं असतं तर?" जोडीदार म्हणाला. टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. "कसं केलं असतंस?"

पत्रकात सगळी उत्तरं होती, हे नव्हतं.

"भांडू नगासा रं," आबा म्हणाले. "दोघं बी शिकलेली पोरं तुमी." प्रवासाने आणि हसण्याने त्यांचे पाय दुखत असावेत, ते टॉकीजच्या पायरीवर टेकले आणि पटक्यातलं पत्रक काढलं. "ह्ये वाच आता. काय लिवलंस बगू."

आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी शेजारची पायरी तळव्याने पुसली. हळू, दोनदा. शेंगदाण्याची टरफलं बाजूला सारली. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळलंही नाही.

जोडीदार सवयीने पुढे झाला. त्याचा गुडघा वाकलासुद्धा होता. मी त्याच्या आधी जाऊन बसलो. चांगला रेटून बसलो. दगड उन्हाने तापला होता आणि आबांच्या पटक्याला मेंढरांचा वास येत होता. पत्रक हातात घेऊन मी पहिली ओळ वाचायला सुरुवात केली, आणि पहिल्यांदाच सुटी सुटी अक्षरं न करता वाचली.

जोडीदार तिथेच उभा होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मी त्याला तसाच उभा ठेवला असता.

"आरं, तू का हुबा?" आबा म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूची पायरीही पुसली.

तो बसला. मी वाचत राहिलो. मला ती बाजूही हवी होती.